चालत्या यंत्राचा भाग बदलताना

संगणकाचा गंध नसलेल्या मनुष्यालाही आज एक वाक्य पाठ झाले आहे, ते म्हणजे 'सर्व्हर डाऊन आहे'. बँक असो, सेतू केंद्र असो की रेशनचे दुकान असो, हे वाक्य कानावर पडले की मनुष्य मुकाट्याने पिशवी उचलतो आणि उद्या पुन्हा यायचे म्हणून घरी परततो. त्याला कोणी कारण सांगत नाही आणि तोही विचारीत नाही.

आपल्या संस्थेच्या अभ्यासिकेत बसणाऱ्या बारावीच्या एका विद्यार्थ्याने मात्र ते आम्हाला विचारले. "काकाजी, एक पार्ट खराब झाला तं सारा सर्व्हर कायले बंद करा लागते? चालूमधीच बदलता नाही येत का?" त्याची शिष्यवृत्ती जमा झाली होती, पण सर्व्हर बंद म्हणून दोन दिवस हाती आली नव्हती. आम्ही कला शाखेचे पदवीधर आणि बँकेतील लिपिक, इंजिनियर नव्हे. तथापि या प्रश्नाशी आमचा जुना आणि काहीसा कडू संबंध आहे. म्हणून संपादक मंडळाने स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा हाच विषय घेण्याचे आम्ही ठरविले.

प्रश्नाचे उत्तर असे की, होय, बदलता येते. मोठ्या सर्व्हरची रचनाच त्यासाठी केलेली असते. इंजिनियर लोक त्याला 'हॉट स्वॅप' म्हणतात. परंतु सगळेच भाग तसे बदलता येत नाहीत, आणि जे येतात तेही आधी पूर्वतयारी असेल तरच.

गोंदियाच्या वाचकांना रेल्वेचे उदाहरण चटकन कळेल. हावडा-मुंबई मार्गावर रुळांखालचे स्लीपर बदलायचे झाले तर कोणी महिनाभर वाहतूक बंद ठेवीत नाही. दोन गाड्यांमधला काही वेळ 'ब्लॉक' म्हणून मागून घेतात, गँगची माणसे तेवढ्यात काम उरकतात आणि पुढची गाडी कमी वेगाने का होईना निघून जाते. याउलट गोंदिया-जबलपूर ही आपली छोटी लाईन ब्रॉडगेज करायची ठरली तेव्हा टप्प्याटप्प्याने गाड्या बंदच कराव्या लागल्या. दोन रुळांमधले अंतरच बदलायचे, तर त्यावरून गाडी धावणार कशी? सर्व्हरमध्ये पंखा, वीजपुरवठ्याचा संच आणि डिस्क हे स्लीपरसारखे होत. मदरबोर्ड, म्हणजे ज्या पाटीवर बाकी सारे बसते तो मूळ भाग, हा गेजसारखा होय. तो बदलायचा तर यंत्र बंदच करावे लागते. नेहमीच्या सर्व्हरमध्ये प्रोसेसर आणि मेमरी यांचेही तसेच.

आता पूर्वतयारी म्हणजे काय ते पाहू. पहिली गोष्ट, काढावयाच्या भागाचे काम दुसरा कोणीतरी त्या वेळी करीत असला पाहिजे. तिरोड्याच्या वीज केंद्रात प्रत्येकी ६६० मेगावॉटचे ५ संच आहेत. त्यातला एक देखभालीसाठी बंद ठेवला तरी उरलेले चार वीज देत राहतात. सर्व्हरमध्ये वीजपुरवठ्याचे सहसा दोन संच असतात. एरवी दोघे मिळून भार उचलतात, परंतु एकट्यालाही संपूर्ण भार पेलेल असे दोघांचेही माप असते. म्हणूनच एक जळाला तर दुसरा सारे सांभाळतो आणि जळालेला संच मागच्या बाजूने ड्रॉवरप्रमाणे ओढून काढता येतो. पंख्यांचेही असेच, फक्त तिथे घाई करावी लागते. झाकण उघडे राहिले की आतल्या हवेचा मार्ग बिघडतो आणि यंत्र तापू लागते.

येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. हे दोन संच दोन वेगवेगळ्या ठिकाणच्या विजेवर जोडावयाचे असतात. आम्ही मात्र एकाहून अधिक कार्यालयांत दोन्ही वायरी एकाच यूपीएसला, तेही एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावलेल्या पाहिल्या आहेत. यूपीएसने मान टाकली की दोन्ही संच एकदमच गेले. मग दुसऱ्या संचाचे पैसे मोजले कशासाठी?

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. विजेच्या चालू यंत्रात नवा भाग घुसवला तर ठिणगी उडणार नाही काय? ज्यांच्या गावात राईस मिल आहे त्यांना हे ठाऊक आहे की मिलची मोटर सुरू होताच आसपासच्या घरांतले दिवे क्षणभर मंद होतात. मोटर सुरू होताना एकदम जास्त वीज ओढते. नव्या डिस्कमधले कपॅसिटर रिकामे असतात, तेही आत शिरताच तसाच मोठा घोट घेतात. त्यामुळे बाजूच्या चालू भागांचा व्होल्टेज खाली गेला तर ते गोंधळून बंद पडतील. यावर उपाय म्हणून आत एक नियंत्रक मंडल बसवलेले असते. ते नव्या भागाला वीज हळूहळू सोडते.

आणखी एक युक्ती इतकी साधी आहे की आम्हाला ती प्रथम कळली तेव्हा हसू आले. जोडणीच्या पट्टीवरील सर्व पिना सारख्या लांबीच्या नसतात. अर्थिंगच्या काही पिना सर्वांत लांब, म्हणून त्या सर्वांआधी टेकतात. त्यानंतर थोडी थोडी वीज देऊन कपॅसिटर भरून घेणाऱ्या पिना आणि शेवटी बाकीच्या. काढताना हाच क्रम उलटा होतो, अर्थिंग शेवटी सुटते. हात कितीही घाईचा असो, क्रम चुकत नाही, कारण तो धातूतच कापून ठेवलेला आहे. आज बाजारात मिळणाऱ्या कोणत्याही साटा डिस्कची जोडणीची पट्टी उजेडात धरून पाहिली तर पिनांच्या टोकांची ही मागेपुढे रचना साध्या डोळ्यांनी दिसते.

आता डिस्ककडे वळू. खरी मौज आणि खरा धोका येथेच आहे. पंखा बदलला तर पंखाच बदलतो. डिस्क काढली तर तिच्यावर लिहिलेले लोकांचे हिशेबही हातात येतात. मग डिस्क काढल्यावर त्या हिशेबांचे काय होते?

१९८७-८८ च्या सुमारास अमेरिकेत बर्कले येथील विद्यापीठात पॅटरसन, गिब्सन आणि काट्झ या तिघांनी अनेक स्वस्त डिस्क एकत्र वापरण्याची कल्पना व्यवस्थित मांडली आणि तिला 'रेड' हे नाव दिले. तिचे मर्म बँकेतल्या कोणत्याही कारकुनाला कळावे असे आहे. समजा, एका पानावर ४७ लिहिले आहेत, दुसऱ्यावर ३५ आणि तिसऱ्या पानावर फक्त त्या दोघांची बेरीज ८२. आता दुसरे पान फाटून गेले. काही बिघडले काय? नाही. ८२ मधून ४७ वजा केले की ३५ परत मिळतात. तिसरे पान गेले तर पुन्हा बेरीज मांडता येते. तीन पानांपैकी कोणतेही एक गेले तरी उरलेल्या दोघांवरून ते तयार होते. संगणक प्रत्यक्षात बेरीज करीत नाही, एक आणि शून्य यांची सम-विषम नोंद ठेवतो, आणि ही नोंद एकाच डिस्कवर न ठेवता सर्व डिस्कवर आळीपाळीने वाटून टाकतो. पण तत्त्व हेच. या प्रकाराला 'रेड-५' म्हणतात.

म्हणजे तीनपैकी एक डिस्क मेली तरी सर्व्हर चालतच राहतो. मेलेल्या डिस्कवरचा आकडा कोणी मागितला की तो उरलेल्या दोघांवरून त्या क्षणी काढून देतो. काउंटरवर बसलेल्या माणसाला काही समजतही नाही. आमच्या मते सर्वांत मोठा धोका हाच आहे. यंत्र थांबले तर सर्व धावत येतात. यंत्र लंगडत चालले तर कोणी पाहत नाही.

आता आमची गोष्ट सांगतो. साल २००६. आम्हाला नोकरी लागून दोनच वर्षे झाली होती. कोअर बँकिंग आमच्या शाखेपर्यंत पोहोचले नव्हते. शाखेतच एक सर्व्हर होता, तीन डिस्कचा. तो मागच्या खोलीत स्टेशनरीच्या कपाटाशेजारी ठेवलेला असे. त्याच्या एका डिस्कवर पिवळसर तांबूस दिवा लागलेला होता. किती दिवसांपासून, ते कोणालाच सांगता आले नाही. बहुधा महिनाभर असेल. आम्ही रोज संध्याकाळी तेथे बॅकअपची टेप बदलावयास जात होतो आणि तो दिवा रोज पाहत होतो. सर्व्हर चालत होता, म्हणून दिव्याचा अर्थ विचारण्याची आम्हाला गरज वाटली नाही.

पुढे तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यांच्या ते लक्षात आले. नवी डिस्क पार्सलने आली, आणि सोबत असा निरोप की, ही चालू सर्व्हरमध्येच बसते, इंजिनियर पाठवण्याची गरज नाही, फोनवर सांगू. तो महिन्याच्या पहिल्या आठवड्यातला दिवस होता. पेन्शनवाले आणि निराधार योजनेच्या पैशांसाठी आलेल्या म्हाताऱ्या बायका सकाळपासून बाकावर आणि बाकासमोर जमिनीवर बसल्या होत्या. फोनवरचा मनुष्य म्हणाला, "एक नंबरची डिस्क काढा." आम्ही वरून पहिली डिस्क काढली.

विद्यार्थी मित्रांनो, संगणकाची मोजणी कित्येकदा शून्यापासून सुरू होते. त्या सर्व्हरच्या खाचांना ०, १, २ असे क्रमांक होते. एक नंबरची डिस्क म्हणजे मधली. आम्ही काढली ती शून्य नंबरची, ठणठणीत असलेली. तिच्यावर हिरवा दिवा लुकलुकत होता. तो आम्ही पाहिला, पण फोनवरच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि डोळ्यांवर ठेवला नाही.

तीनपैकी एक मेलेली आणि एक आमच्या हातात. उरलेल्या एका डिस्कवरून काही निघत नाही. नुसत्या ८२ वरून ४७ आणि ३५ कोण ओळखणार? बाहेरच्या सर्व पडद्यांवरची अक्षरे जागच्या जागी थांबली. डिस्क परत बसवली, पण सर्व्हरने तिला स्वीकारले नाही. शेवटी नागपूरहून इंजिनियर बोलवावा लागला. तो संध्याकाळच्या गाडीने आला, सर्व डिस्क नव्याने तयार केल्या आणि आदल्या रात्रीच्या टेपवरून हिशेब परत चढवले. त्या दिवशी दुपारपर्यंत झालेले व्यवहार टेपवर नव्हते. ते व्हाउचर पाहून आम्ही आणि दोन सहकारी यांनी पुन्हा एकेक करून भरले. ताळा जुळला तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते.

कोणाचा एक पैसाही गेला नाही. परंतु दुपारी त्या बाकावरच्या बायांना 'उद्या या' असे सांगण्याचे काम आमच्याचकडे आले होते. त्यातली एक आजी जंगलपट्टीतल्या गावाहून दोन गाड्या बदलून आली होती. ती काही बोलली नाही. पदराची गाठ सोडून तिने परतीच्या भाड्याचे पैसे मोजले आणि उठली. व्यवस्थापक साहेबांनी आम्हाला दिलेला लेखी मेमो आम्ही केव्हाच विसरलो, ते पैसे मोजणे विसरलो नाही.

त्यानंतर आम्ही हा विषय मिळेल तेथून वाचून काढला. डिस्क काढण्याआधी सर्व्हरलाच आज्ञा देऊन त्या विशिष्ट डिस्कचा दिवा लुकलुकत ठेवता येतो, म्हणजे चुकीला जागा राहत नाही. डिस्क प्रथम बोटभर बाहेर ओढून अर्धा मिनिट थांबावे, कारण आतली तबकडी अजून फिरत असते. फिरत्या तबकडीला धक्का लागू देऊ नये. नवी डिस्क बसली म्हणजे काम संपले असेही नाही. उरलेल्या डिस्क आरंभापासून अखेरपर्यंत वाचून नवी डिस्क भरली जाते, त्याला काही तास लागतात. हल्लीच्या प्रचंड डिस्कना एखादा दिवसही लागतो. त्या वेळात दुसरी डिस्क गेली तर सारेच गेले. जुन्या, एकाच वेळी विकत घेतलेल्या डिस्क एकाच सुमारास म्हाताऱ्या होतात, हेही लक्षात ठेवावे. म्हणून मोठ्या ठिकाणी दोन डिस्क गेल्या तरी चालेल अशी 'रेड-६' ही पद्धत वापरतात. आणि काढलेली डिस्क कधीही भंगारात देऊ नये, ती नष्ट करावी. ती मेली असली तरी तिच्या पोटात लोकांचे हिशेब असू शकतात.

ही झाली शाखेतल्या लहान सर्व्हरची कथा. जिथे अर्धा मिनिटही थांबणे परवडत नाही तिथे काय करतात? त्यासाठी मुंबईच्या शेअर बाजाराकडे पाहावे लागेल. १९९४ च्या नोव्हेंबरात राष्ट्रीय शेअर बाजाराने संगणकावर शेअर्सची खरेदी-विक्री सुरू केली, ती स्ट्रेटस कंपनीच्या यंत्रांवर. १९९५ साली दलाल स्ट्रीटवरच्या मुंबई शेअर बाजारातील आरडाओरड बंद होऊन 'बोल्ट' ही संगणकीय पद्धत आली, ती टँडेम कंपनीच्या यंत्रांवर. टँडेम १९७४ साली जेम्स ट्रेबिग यांनी स्थापन केली. तिच्या यंत्रांचे नावच 'नॉनस्टॉप' होते आणि तिची पहिली मोठी गिऱ्हाईक १९७६ साली एक बँकच होती, सिटीबँक.

स्ट्रेटसची युक्ती ऐकण्यासारखी आहे. प्रत्येक पाटीवर दोन प्रोसेसर एकच काम एकाच वेळी करतात आणि त्यांची उत्तरे सतत ताडून पाहिली जातात. उत्तरे जुळली नाहीत की ती पाटी स्वतःच कामातून बाजूला होते आणि तांबडा दिवा लावते. तिची जुळी पाटी शेजारी तेच काम करीत असतेच, त्यामुळे एकही व्यवहार अडत नाही. इतकेच नव्हे तर ते यंत्र फोनच्या तारेवरून कंपनीला परस्पर कळवते. पुष्कळदा गिऱ्हाइकाला बिघाडाची पहिली खबर लागे ती नव्या पाटीचे पार्सल दारात आल्यावर. यंत्र स्वतःचे दुखणे स्वतः सांगते, ही सोय आमच्या स्टेशनरीच्या कपाटाशेजारी असती तर!

प्रोसेसर आणि मेमरीसुद्धा चालू असताना काढता येतील अशी यंत्रे पुढे निघाली. सन कंपनीचे १९९७ सालचे 'एंटरप्राइझ १००००' हे त्यातले प्रसिद्ध. त्यात १६ पाट्या आणि ६४ पर्यंत प्रोसेसर बसत. एखादी पाटी काढायची तर आधी यंत्राला तसे सांगावे लागे. मग ते त्या पाटीवर नवे काम टाकणे थांबवी, तिच्या मेमरीतला मजकूर दुसऱ्या पाट्यांवर हलवी, आणि पाटी रिकामी झाल्यावरच काढण्याची मुभा देई. आमच्या कॅशियरला दुपारी रजेवर जायचे असेल तर तो तरी याहून निराळे काय करतो? खिडकीवर 'काउंटर बंद' ही पाटी लावतो, समोरच्या माणसाचे काम संपवतो, रोकड मोजून दुसऱ्याच्या ताब्यात देतो, सही घेतो, तेव्हाच उठतो. गल्ला उघडा टाकून कोणी उठत नाही.

अशा यंत्राचे पंखे, डिस्क, पाट्या वर्षानुवर्षे एकेक करून बदलत गेल्या आणि काम मात्र क्षणभरही थांबले नाही, तर शेवटी उरते ते यंत्र तेच की दुसरे? 'मिलिंदप्रश्न' ग्रंथातला भदंत नागसेन आणि राजा मिलिंद यांचा संवाद आपल्या विहारात अनेकदा झाला आहे. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच काय, हा त्यातला प्रश्न. धड तीच नव्हे, धड वेगळीही नव्हे, असे नागसेनांचे म्हणणे. बँकेच्या दृष्टीने या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. खातेदाराची शिल्लक तीच राहिली म्हणजे झाले.

तरीही भाग दुप्पट केले म्हणजे सर्व संकटे टळतात असे कोणी समजू नये. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी पावणेबाराच्या सुमारास थांबवावे लागले आणि ते पुन्हा सुरू झाले दुपारी पावणेचारला. त्या दिवशी बाजार संध्याकाळी पाच वाजेपर्यंत चालवावा लागला. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या टेलिफोन वाहिन्या होत्या, पण दोन्हींत एकदमच अडथळा आला आणि जोखीम तपासणारी यंत्रणा हाती राहिली नाही. आमच्या त्या एकाच एक्स्टेंशन बोर्डाची आठवण वाचकांना झाली असेल.

आता बँकांच्या शाखांत तसा सर्व्हर राहिलेला नाही. हिशेब दूरच्या डेटा सेंटरमध्ये असतात आणि त्याची दुसरी प्रत आणखी एखाद्या शहरात. तेथे डिस्क रोजच्या रोज बदलल्या जातात आणि गोंदियात कोणाला खबरही नसते. त्यामुळे शाखेत 'सर्व्हर डाऊन' म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा सर्व्हर व्यवस्थितच असतो. तुटलेली असते ती शाखेपर्यंत येणारी तार. रस्त्याच्या कामात केबल कापली गेलेली असते, किंवा यूपीएसच्या बॅटऱ्या संपलेल्या असतात. त्या विद्यार्थ्याच्या शिष्यवृत्तीचेही तेच झाले होते. दुसरी वाहिनी होती, पण ती कित्येक दिवसांपासून बंद होती आणि पहिली चालू असल्यामुळे कोणाच्या लक्षात आले नव्हते.

विद्यार्थ्यांना पिनांची रचना प्रत्यक्ष पाहता यावी म्हणून आम्ही नागपूरच्या भंगार बाजारातून एक निकामी डिस्क आणून तिचे झाकण उघडले आहे. ती अभ्यासिकेच्या कपाटात ठेवली आहे. किल्ली ग्रंथपालांकडे मिळेल. घरचा साधा संगणक चालू असताना त्यातले काही ओढून काढण्याचा प्रयोग मात्र कोणी करू नये. त्याच्यात ही व्यवस्था नसते.